आजारी माणसाचा वाटा

बाबलीनं वाळूवर मासळीचे वाटे मांडले, पण सुशांतच्या नावाचा वाटा मांडलाच नाही.

सुशांत सुरूच्या झाडाखाली उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर. चार महिने ती बोटं तिथेच मुक्कामाला होती. त्याला आधी वाटलं, बाबली विसरला. मग त्याच्या डोळ्यांदेखत पुण्याच्या एका पाहुण्याच्या पिशवीत चार बांगडे पडले. त्या पाहुण्यानं मघाशी फोटोपुरता दोराला हात लावला होता. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीची रीतच तशी. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही बाजूंनी माणसं लावून काठावर ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळी. आणि रापणीच्या संघातला जो आजारी पडून घरी बसला असेल, त्यालाही. चार महिने सुशांतला तो वाटा मिळत आला होता.

सुशांत आजारी पडला तो दोर ओढतानाच. छातीत एक ठोका गळला. क्षणभर काहीच नाही. मग टोपलीतला मासा उसळतो तसा आतून दणका. तो वाळूवर बसला तो बसलाच. मालवणात कार्डिओग्राम झाला, गोव्यात हृदयाची सोनोग्राफी झाली, एक अख्खा दिवस छातीला यंत्र बांधून झालं. त्याच्या बायकोनं, किशोरीनं, डॉक्टरांकडून हट्टानं मराठीत लिहून घेतलं : हृदय व्यवस्थित आहे. मध्येच एखादा जादा ठोका पडतो. धोका नाही. नेहमीची सर्व कामे करावीत.

सुशांतनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या मागे ठेवला. विश्वास तेवढा ठेवला नाही. त्यानं चहा सोडला. डाव्या कुशीवर झोपणं सोडलं, कारण तिथे उशीतून ठोके ऐकू येत. जिथून दवाखाना लांब, तिथे जाणं सोडलं. दोरावरची त्याची जागा किशोरीनं घेतली.

तो झाडाखालून निघून वाट्यांपाशी आला.

"बाबलीदादा, माझो वाटो?"

"तो आजारी माणसाक," बाबली खाली बघतच म्हणाला. "तू खंय आजारी आसस?"

"मगे चार म्हयने मी काय करतंय?"

"ता तूच सांग. कागदात तर काय नाय."

"खयच्या कागदात?"

बाबलीनं हनुवटीनं किशोरीकडे दाखवलं. ती टोपलीत बांगडे भरत होती. तिनं हात थांबवला नाही.

"काल हंयसर वाचून दाखवलंय," ती म्हणाली. "सगळ्यांका."

"माझो कागद? चाळीस माणसांत?"

"तुमका चार वेळा वाचून दाखवलंय. तुमका ऐकाक येना. म्हटलंय, ज्यांका येता तेंका ऐकवूया."

"बरा लिवल्यान हा हो डॉक्टरान," सावित्री मध्येच म्हणाली. ती रापणीतली सगळ्यात जुनी बाई. "माझ्या घोवाचा काय व्यवस्थित आसा म्हणान आजून कोणी लिवन दिल्यान नाय."

सगळा किनारा हसला. सुशांत हसला नाही. तो तडक घरी गेला. जेवताना त्याला आपल्या ताटातला बांगडा तिच्या वाट्यातला आहे हे दिसत होतं. त्यानं तो खाल्ला, कारण भूक होती. पण मनात एक गोष्ट पक्की केली. उद्या दोराला हात लावायचा आणि सगळ्यांच्या देखत कोसळून दाखवायचं. मग वाचा म्हणावं कागद.

सकाळी तो किशोरीच्याही आधी किनाऱ्यावर हजर. होडी जाळं टाकून वळली होती. रांग लागत होती. पुढे कायतान होता, मागे सावित्री. मधल्या जागेत सुशांत घुसला. सावित्री एक पाऊल मागे सरकली. कायतान फर्नांडिस अडुसष्ट वर्षांचा, रापणीवर कधी खाडा नाही, कधी कुणाला काही दुखतंय म्हणाला नाही. पडायचंच तर या माणसाच्या मागे पडावं, म्हणजे फरक दिसेल, असाही एक हिशेब सुशांतनं केला होता.

पहिली पन्नास पावलं रागात गेली. दोर ओला, जड. तळवे सोलून निघत होते. चार महिन्यांत ते मऊ पडले होते. मग तो आला. ठोका गळला. तीच ती पोकळी. नाडी बघावी तर दोन्ही हात दोरावर. सोडावा तर सगळा भार सावित्रीवर. कोसळण्याची हीच वेळ होती, आणि गुडघे वाकवायला सवड नव्हती. त्याच्या तोंडून बारीक हुंकार निघाला. छातीत दणका बसला. त्यामागून साधा ठोका आला. मग आणखी एक. पाय वाळूत रुतून निघत राहिले.

कायताननं मान न वळवता विचारलं, "इलो काय रे तुझो ठोको?"

परवा कागद ऐकणाऱ्यांत तोही होता, हे सुशांतला तेव्हा आठवलं. त्याला लाज वाटली, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

"इलो होतो."

"मगे?"

"गेलो."

कायतानची पाठ त्याच्यासमोर एका लयीत मागे-पुढे होत होती. पाय थांबले नव्हते.

"माझोय असोच गळता, आजून," कायतान म्हणाला. "तीस वर्सां. वढ तू."