निवांत उंदीर

मॅडमइतकं प्राण्यांना जपणारं माणूस आमच्या प्रयोगशाळेत दुसरं नव्हतं.

त्या दिवशी वेदना शमवणाऱ्या पानांचा अर्क पाजून त्यांनी उंदीर गरम तबकडीवर ठेवला. पोळलं की उंदीर पाय चाटतो. हा मजेत मिशा साफ करत बसला.

“लागू पडलं!” मी ओरडलो.

मॅडम मात्र पिंजऱ्याकडे बघत होत्या. आतले सगळे उंदीर एकदम पाय चाटायला लागले होते.

त्यांनी झटकन तबकडीवरचा उंदीर उचलला. चाटणं थांबलं.

“हा पिंजरा खालच्या मजल्यावर ठेवून ये,” त्या म्हणाल्या.

मी परतल्यावर त्यांनी उंदीर पुन्हा तबकडीवर ठेवला. तो निवांत होता. मॅडम मागे सरल्या आणि आपल्या तळव्यांवर फुंकर घालू लागल्या. तबकडीला हात लागला नव्हता, तरी तळवे लाल होत चालले होते.

“बंद करतो, मॅडम!”

“थांब,” त्या हसल्या. “त्या मुक्या जिवांपेक्षा मी बरी. तू वेळ मोज.”