हॉलमधला खांब

"पोकळ आहे," अमेय म्हणाला आणि खात्रीसाठी त्याने खांबावर पुन्हा टकटक केलं. "सुरेशदादा, हा खांब काहीच पेलत नाही. वर तुळई नाही, खाली पाया नाही. नुसता शोभेला उभा आहे."

सुरेश ओट्यापाशी कांदा चिरत होता. शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे स्वयंपाकाची घाई नव्हती. त्याने मान वर केली नाही.

"श्यामरावांच्या वेळेपासून उभा आहे. राहू दे की लेका."

अल अझीझियातल्या या जुन्या व्हिलाला सगळे 'बी ब्लॉक' म्हणत. मिरजेकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलचं ते नाव. त्या कॉलेजचा जो कुणी कतारला येई, तो आधी इथे उतरे. श्यामराव पहिले. त्यांनी घर भाड्याने घेतलं तेव्हा आजूबाजूला नुसती वाळू होती म्हणतात. मग एकेक बॅच येत गेली आणि घराला काही ना काही चिकटवत गेली. कुणी गच्चीवर पत्र्याची खोली चढवली, कुणी जिन्याखाली न्हाणी काढली, कुणी बाहेरच्या भिंतीत नसलेली खिडकी पाडली. सगळे इंजिनिअर, पण एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या कामाशी मेळ नाही. धड होता तो एवढा एक हॉल, आणि त्याच्याही बरोबर मधोमध हा खांब.

हॉलमध्ये सगळे पेपर पसरून एका पंगतीत जेवत. नोकरी शोधायला आलेल्या नव्या माणसाची गादीही तिथेच पडे. अमेयने त्या गादीवर अख्खा उन्हाळा काढला होता. दिवसभर ऑफिसं पालथी घालायची, 'इन्शाल्ला, कळवतो' ऐकून परत यायचं आणि खांबाला पाठ टेकून बसायचं. कधी जाणार, असं त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ताट मात्र रोज वाढलेलं असे.

आता तो एका स्टेडियमच्या छपराचं काम बघत होता. वर्ल्ड कप जवळ येत होता. हॉलमध्ये भिंतभर पडदा लावायचा आणि सगळ्या मॅचेस तिथेच बघायच्या, असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलं होतं. अडचण एकच, कुठेही बसा, निम्मं मैदान खांबाआड जायचं.

"एवढे सिव्हिलवाले इथे राहून गेले," तो म्हणाला, "आणि एकालाही कळू नये?"

"नाही कळलं बुवा," सुरेश म्हणाला.

खांबाचा रंग पिवळा पडला होता. छातीच्या उंचीवर मात्र तळहाताएवढं पांढरं ठिगळ होतं. अमेयने त्यावरच पेन्सिलने फुली मारली आणि साइटवरून आणलेला हातोडा उचलला.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालकाचा मॅनेजर नसरुद्दीन आत आला. हातात मोजायची टेप होती.

"बहुत लोग आ रहा है," तो म्हणाला. "वर्ल्ड कप का काम है, बेड किधर भी नहीं मिलता. मालिक बोला, ये हॉल में पार्टिशन डालो."

सुरेशची सुरी थांबली. नसरुद्दीनने टेप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढली, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ओढली आणि खांबापाशी येऊन अडला.

"बीच में गली, दोनों तरफ दो-दो कमरा. एकदम फिट बैठता है. सिर्फ ये पिलर गली में आता है." मग त्याने अमेयकडे पाहिलं. "सर, आप तो स्टेडियम का इंजिनिअर है. आप बोलो, ये तोड़ सकता है?"

अमेयने खांबाकडे पाहिलं. गल्ली काढायची तर ती इथूनच जाणार, दुसरी जागाच नव्हती. आणि नेमक्या त्या जागी कुणीतरी एक पोकळ खांब उभा करून ठेवला होता. त्याला एकदम सगळं कळलं. गल्ली झाली की पंगत संपली. गादी संपली. पुढच्या आठवड्यात कॉलेजचा गंधार येणार होता, व्हिजिट व्हिसावर, नोकरीचा पत्ता नसताना. त्याने पाठ कुठे टेकायची?

बांधकामाबद्दल अमेयने आजवर एकही खोटं मत दिलं नव्हतं. त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"नसरुद्दीनभाई," तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "इसको हाथ भी मत लगाना. ऊपर पानी की टंकी है. पिलर गया, तो पूरी टंकी इधर आके बैठेगी."

नसरुद्दीनने छताकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. "खलास," तो म्हणाला. "मालिक को बोलता मैं." टेप गुंडाळत तो निघून गेला.

दार लागलं. पाठीमागे लपवलेला हातोडा अमेयने हळूच खाली ठेवला. पडद्याचं आता त्याला काही वाटत नव्हतं. निम्म्यांनी इकडे बसायचं, निम्म्यांनी तिकडे.

"दादा, तुम्हाला माहीत होतं."

सुरेशने हात धुतले. जिन्याखाली जाऊन तो रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन आला. पेन्सिलची फुली त्याने ओल्या फडक्याने पुसली आणि ब्रश अमेयच्या हातात दिला.

"मी वाजवून फुली मारली तेव्हा जुन्यांनी माझ्याकडूनही हे ठिगळ रंगवून घेतलं होतं," तो म्हणाला. "नीट लाव. आणि गंधारला काही सांगू नकोस, तो आपला आपण वाजवेल."