तपासणी दोघांची

लेकीच्या त्या पत्राला रुपरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. बापाशी हे तोंडानं बोलवेना, म्हणून दामिनीनं काटोलला सासरी बसून लिहिलं होतं, 'बाबा, मूल होत नाही म्हणून सारे मलेच दोष देऊन राहिले. मी घरी येऊ काय?' नेमके शब्द शोधण्यातच त्या भिडस्त, पुस्तकी माणसाचे दिवस गेले आणि तेवढ्यात तिनं विहीर जवळ केली.

काही वर्षांनी विद्यापीठात अंतराळप्रवास आणि प्रजनन या विषयावर व्याख्यान होतं. रुपराव मागच्या रांगेत बसले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिथल्या किरणांचा धोका बाईच्या बीजाला आहे, तसाच पुरुषाच्याही. म्हणून तपासणी दोघांची."

रुपराव आयुष्यात पहिल्यांदाच सभेत उभे राहिले. "मॅडम, इथं जमिनीवर मूल होत नसेल, तरी दोघांचीच?"

"काहून जी काका, या वयात?" कोणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "दोघांचीच. पुरुषाची तर फार सोपी असते, काका."

जावयाची कधी कोणी केलीच नव्हती.

त्या संध्याकाळी रुपरावांनी उत्तर लिहिलं, 'दोष तुझाच आहे असं समजू नको, पोरी. सरळ माझ्या घरी निघून ये.' आणि ते टपालपेटीत टाकलं.

 

पाकिटावर पत्ता दामिनीच्या सासरचाच होता. नाव मात्र जावयानं नंतर करून आणलेल्या बायकोचं होतं. तिलाही अजून मूल नव्हतं.