नाही म्हणणारा माणूस

पुकारा झाला तशा वत्सलाबाई गुळवणी उठल्या आणि सवयीने वकिलांच्या टेबलाकडे निघाल्या. मग आठवलं, आज आपण अर्जदार. पस्तीस वर्षं मृत्युपत्रांचे आणि वाटण्यांचे खटले लढवलेल्या बाई निमूटपणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

अर्ज साधा होता. यजमान दिनकररावांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या मनाची प्रत घरच्या भिंतीवरच्या यंत्रातून अजून बोलते. ती बंद करावी, घर विकावं आणि रत्नागिरीला धाकट्या बहिणीकडे जाऊन राहावं, एवढंच मागणं.

न्यायाधीश मणेरीकर एके काळी त्यांचेच ज्युनिअर. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, एका म्हाताऱ्याची प्रत वारस बंद करायला निघाले होते, तेव्हा याच कोर्टात तुम्ही तिला एकच प्रश्न विचारलात आणि खटला जिंकलात. जो नाही म्हणू शकतो तो मेलेला नाही, हा तुमचाच युक्तिवाद. आता तोच कायदा झालाय. मला तोच प्रश्न या प्रतीला विचारावाच लागेल."

"विचारा," त्या म्हणाल्या. तो खटला जिंकला त्या दिवशी त्यांनी साऱ्या बाररूममध्ये पेढे वाटले होते.

कोर्टातला स्पीकर घराला जोडला गेला.

"दिनकरराव, तुम्हाला मृत जाहीर करावं का?"

"छे हो, नाही!" आवाज तोच, सर्दीसकट. "आणि साहेब, हिला जरा लवकर सोडा. मघापासून हाका मारतोय, घरात कुणी ओ देत नाही."

"आले हं," वत्सलाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.