फ्रीजरमधलं विमान

मटारची पिशवी काढायला सुनेने फ्रीजर उघडला आणि तिथूनच ओरडली, "आई, इथे विमान आहे!"

"माहीत आहे. मीच ठेवलंय," जेवणाच्या टेबलापाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दोन तास झाले असतील तर आण इकडे."

सुनेने ते ताटलीत घालून आणलं. वीतभर लांबीचं, राखाडी प्लास्टिकचं जुन्या काळातलं लढाऊ विमान. सासूबाई दातांच्या डॉक्टर; दवाखाना बंद असायचा त्या रविवारांत बसून डॉक्टरबाईंनी ते बनवलं होतं. एकशे चाळीस तुकडे, एकेक रंगवून. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेल्यातच जमा झाला. त्या इस्पितळात होत्या तेव्हा मुलगा घरात त्यांच्या पलंगासाठी जागा करत होता. त्या सरकवासरकवीत फळी निसटली, विमान खाली आलं. तो इतका घाबरला की त्याच दिवशी सुपरग्लूची ट्यूब आणून त्याने जमेल तसं सगळं चिकटवून टाकलं. एक पंख खाली झुकला, दुसरा पुढे सरकला. नाकावरचा पंखा फिरेनासा झाला. वैमानिकापुढची काच गोंदाच्या वाफेने मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी पडली. आणि डाव्या पंखाच्या पोटावर मुलाच्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ, कडक होऊन बसला.

आवाज ऐकून तो आतून आलाच.

"आई, हे काय आता नवीन?"

"नवीन कुठलं, जुनंच आहे. सोडवतेय."

"अगं, पण जोडलंय ना मी! शोकेसमध्ये ठेवलं तर लांबून कळतसुद्धा नाही."

"मी लांबून बघत नाही."

"मग थांब, नेलपॉलिश काढायचं लिक्विड देतो. चुटकीसरशी गोंद जातो."

"आणि गोंदाबरोबर प्लास्टिकही विरघळतं. ती बाटली टेबलावर आणायची नाही." त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून विमानावर ठेवला. वजन म्हणून तरी तो उपयोगाचा होता. "गारठला की हा गोंद काचेसारखा ठिसूळ होतो. मग ताकद लागत नाही, जागा सापडावी लागते."

पातळ पात्याचा चाकू त्यांनी डाव्या हातात धरला. पहिल्यांदा तो घसरला. दुसऱ्यांदाही घसरला.

"दे, मी करतो."

"हात मागे घे."

पस्तीस वर्षं भल्याभल्यांना ज्या आवाजाने तोंड उघडायला लावलं होतं, तो हा आवाज. मुलाने हात मागे घेतला.

टक्. पंख सुटून टॉवेलवर पडला.

"अगदी दाढ निघाल्यासारखा आवाज आला!" सून हसली.

"दाढ सोपी गं. दाढेचा मालक बोंबलतो, त्यामुळे कुठे दुखतंय ते तरी समजतं."

शेपटीला मात्र पातं भलत्याच जागी बसलं. गोंद सुटला नाही, शेपटीचं टोकच तुटलं.

"बघ. म्हणत होतो मी."

"हे मी मोडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ते नखाएवढं टोक शोधून बशीत ठेवलं. "कुठे मोडलंय तेही मला दिसतंय. मीच जोडीन."

विमान पुन्हा फ्रीजरमध्ये गेलं. तोवर त्यांनी दातांवरचं किटण काढायची आपली बारीक आकडी घेतली आणि सुटलेल्या पंखावरचा गोंद खरवडायला सुरुवात केली. अंगठ्याचा ठसा पापुद्र्यापापुद्र्याने निघत होता. मुलगा समोर बसून राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सुनेची मटारची भाजी झाली, भांडी झाली, विमान परत टेबलावर आलं, तेव्हा कुठे तो म्हणाला, "आई, पाच वाजता एक जण येतोय. दवाखान्यातली खुर्ची बघायला, विकत घ्यायची म्हणून."

हातातली आकडी थांबली.

"कुणाला विचारून?"

"तुला त्रास नको म्हणून... म्हणजे, आता कुठे तू परत... या हाताने..."

"माझ्या हाताशी तू बोललास का? मी तर रोज बोलते. त्याने अजून नाही म्हटलेलं नाही."

"आई, मी तुझ्या भल्यासाठीच करतोय गं."

"माहीत आहे रे. मनाने तू चांगलाच आहेस," त्या म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

मग त्यांनी चाकू उजव्या हातात दिला. डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली आणि उरलेल्या पंखाच्या सांध्यापाशी पातं नेलं. हात थरथरत होता. पात्याचं टोक सांध्यावर नाचत होतं. मुलगा पुढे झुकला, तशी सुनेने त्याची बाही धरली.

विमानावरचं बर्फ ओलसर व्हायला लागलं होतं. थरथर थांबायची त्यांनी वाट पाहिली. ती थांबली नाही. मग थरथरत्या हातानेच त्यांनी जागा शोधली, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि खांद्यातून दाबलं.

टक्.

पंख अख्खाच्या अख्खा सुटला.

"त्या माणसाला फोन लाव," मान वर न करता त्या म्हणाल्या. "सांग, डॉक्टर कामात आहेत."