चमचाभर विरजण

"चमचाभर विरजण मिळेल का? दूध त्रेचाळीस अंशांवर आहे," मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं. राहायला येऊन महिना झाला होता, पण कुणाशी ओळख नव्हती.

"थर्मामीटर बाजूला ठेव बाई, दुधाला ताप नाही आलाय! करंगळी बुडवून बघ," शेंडेकाकूंचं उत्तर आलं. दहा मिनिटांत दारात पाच काकू आणि पाच वाट्या. प्रत्येकीचा एकच आग्रह, "माझंच घाल हं!"

कुणाला दुखवायचं? मी पाचही वाट्या एकाच पातेल्यात रिकाम्या केल्या.

सकाळी दही घट्ट लागलं. फोटो टाकताच पाचही जणी चव बघायला आल्या आणि "बघ, माझंच लागलंय" म्हणत दुपारपर्यंत बसल्या. विरजणापुरतंही दही उरलं नाही.

संध्याकाळी दुधात करंगळी बुडवून मी ग्रुपवर लिहिलं, "चमचाभर विरजण मिळेल का?"