पुतारेचा पाचवा अर्थ

होणाऱ्या जावयाने आपला नवाकोरा लॅटिन कोश पुढे केला. म्हाताऱ्या कोशकारांनी ना कौतुकाचा शब्द काढला, ना प्रस्तावना उघडली. खिशातून भिंग काढलं आणि थेट एका क्रियापदावर गेले. पुतारे.

पोरट्याने सगळा माल आपल्याच कोशातून उचललाय, असा त्यांना दाट संशय. आणि चोराच्या घरी मुलगी द्यायची नाही, हे त्यांनी सकाळीच बायकोला ठणकावलं होतं. चोर धरायची सोय तर त्यांनी कोश छापतानाच करून ठेवलेली. पुतारेचे खरे अर्थ चार. आधी नुसतं स्वच्छ करणे, मग वेल छाटून साफ करणे, मग हिशेब साफ करणे, आणि असं साफ करता करता शेवटी विचार करणे. पाचवा त्यांनी पदरचा घुसडला होता: झोपेचं सोंग घेणे. वर व्युत्पत्तीही ठोकून दिली, की मळ्याचे मालक म्हणे वेलीखाली डोळे मिटून पडत आणि मजुरांची छाटणी पापणीआडून बघत. नक्कल करणारा हे उचलणार आणि तिथेच सापडणार! ही गंमत बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

भिंग ओळीओळीने खाली सरकलं. चारही अर्थ जागच्या जागी. पाचवा नाहीच.

दुसरा कुणी खूश झाला असता. म्हाताऱ्यांची भिवई वर चढली. सापळा हुंगून बाजूने गेला, म्हणजे चोर पक्का बिलंदर!

"झोपेचं सोंग कुठं गेलं?"

"कुणाचं, सर?"

"पुतारेचं! माझ्या कोशात आहे, तुमच्यात का नाही? कुणी सांगितलं तुम्हाला?"

जावई खुर्चीत चुळबुळला. "राग मानू नका. सगळी जुनी पुस्तकं पालथी घातली, पण तो अर्थ कुठेच मिळाला नाही. वाटलं, तुमची चूक झाली असावी."

"चूक? माझी? मग गप्प का बसलास? दुसऱ्याची चूक सापडली की कोशकार गावभर दवंडी पिटतो!"

"पिटणारच होतो. प्रस्तावनेत दोन पानं तुम्हाला सोलून काढलं असतं." त्याची नजर दाराकडे गेली. "पण तुमची मुलगी हवी होती ना."

दाराशी उभी मुलगी कळवळून म्हणाली, "बाबा, आता हो तरी म्हणा, नाहीतर नाही तरी!"

म्हाताऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कपबशा घेऊन उभी होती, ओठ घट्ट मिटून. सापळा होता म्हणावं, तर पाहुण्याला घरात बसवून चोर ठरवत होतो हे उघड. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.

"चूकच ती. माझीच," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो. आणि तुम्ही दोघं तारीख ठरवा."

'चूक माझीच' हे शब्द बायकोने त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकले नव्हते. तिने कपबशा टेबलावर ठेवल्या, जवळ आली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.